आदर आणि सहभाग यांतील अंतर

जुलै १९८५ मध्ये केरळमधील एका शाळेतून तीन भावंडांना काढून टाकण्यात आले. दहावी, नववी आणि पाचवीत शिकणारी ही मुले ‘यहोवाचे साक्षीदार’ या छोट्या ख्रिस्ती पंथाची होती. सकाळी राष्ट्रगीत सुरू झाले की ती इतरांप्रमाणेच आदराने उभी राहत. मात्र गात नसत. आपल्या ईश्वराखेरीज अन्य कशालाही उद्देशून स्तुती गाणे हा श्रद्धेचा भंग आहे, अशी त्यांची धारणा होती. त्यांच्या थोरल्या बहिणी त्याच शाळेत शिकून गेल्या होत्या. त्याही गात नसत आणि त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. पण एका आमदाराच्या हे नजरेस आले. विधानसभेत प्रश्न उपस्थित झाला, चौकशी समिती नेमली गेली. मुलांनी राष्ट्रगीताचा अवमान केलेला नाही, असाच समितीचा अभिप्राय होता. तरीही शिक्षण खात्याच्या सूचनेवरून मुख्याध्यापिकेने मुलांना शाळेबाहेर काढले.

उच्च न्यायालयात दाद मिळाली नाही. ११ ऑगस्ट १९८६ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. ओ. चिन्नप्पा रेड्डी आणि न्या. एम. एम. दत्त यांनी मुलांच्या बाजूने निकाल दिला. ‘बिजो इमॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य’ या नावाने तो ओळखला जातो. राष्ट्रगीत चालू असता उभे राहणे हा आदर झाला. न गाणे हा अवमान नव्हे, हे त्याचे सार. न्यायालयाने आणखी दोन गोष्टी सांगितल्या. एक, मूलभूत हक्कावर मर्यादा घालायची तर त्यासाठी कायदा हवा. खात्याचे परिपत्रक पुरेसे नाही. दुसरी, एखादी श्रद्धा न्यायाधीशाच्या बुद्धीला पटते की नाही हा प्रश्नच नाही. ती प्रामाणिकपणे आणि सदसद्विवेकबुद्धीने जोपासलेली आहे का, एवढेच पाहायचे.

या निकालाची आठवण होण्याचे कारण ताजे आहे. २५ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने लष्करातील बडतर्फ अधिकारी सॅम्युएल कमलेसन यांची याचिका फेटाळली. २०१७ साली सेवेत आलेले हे प्रोटेस्टंट अधिकारी एका घोडदळ रेजिमेंटमध्ये शीख जवानांच्या तुकडीचे नेतृत्व करीत. रेजिमेंटच्या धार्मिक संचलनांना ते जवानांसह जात, पादत्राणे काढून प्रांगणात उभे राहत. मात्र गाभाऱ्यात जाऊन पूजा-आरतीत भाग घेण्यास त्यांनी नकार दिला. समजावण्याचे प्रयत्न झाले, पण ते बधले नाहीत. मार्च २०२१ मध्ये त्यांना निवृत्तिवेतन व उपदानाविना बडतर्फ करण्यात आले. दिल्ली उच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये ती कारवाई उचलून धरली आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही.

ही दोन प्रकरणे सारखी नाहीत, हे आधी मान्य केले पाहिजे. शाळकरी मूल आणि सैन्याधिकारी यांत फरक आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३३ नुसार सशस्त्र दलांच्या मूलभूत हक्कांवर संसद मर्यादा घालू शकते आणि लष्कर अधिनियम हा रीतसर कायदा आहे. लष्कराचा युक्तिवादही पोकळ नाही. ज्या जवानांच्या रणघोषणेत ईश्वराचे नाव आहे, त्यांचा नायक ऐन आरतीच्या वेळी उंबऱ्याबाहेर थांबत असेल, तर तुकडीच्या एकजुटीला तडा जातो, असे सेनापतींना वाटत असेल तर ते न्यायालयाने सहजी झुगारून द्यावे, असे मीही म्हणणार नाही.

माझी अस्वस्थता निकालाच्या निष्कर्षापेक्षा त्याच्या मोजपट्टीविषयी आहे. एका धर्मगुरूंनी या अधिकाऱ्यास ‘आत गेल्याने श्रद्धाभंग होत नाही’ असा सल्ला दिला होता, ही बाब न्यायालयाने महत्त्वाची मानली. अनुच्छेद २५ चे संरक्षण धर्माच्या मूलभूत अंगांना आहे, व्यक्तीच्या प्रत्येक भावनेला नाही, असा विचारही सुनावणीत मांडला गेला. म्हणजे १९८६ साली विचारलेला ‘श्रद्धा प्रामाणिक आहे का?’ हा प्रश्न मागे पडला आणि ‘ती धर्माला आवश्यक आहे का?’ हा प्रश्न पुढे आला. पहिल्या प्रश्नाचे उत्तर व्यक्तीच्या आचरणात सापडते. दुसऱ्याचे उत्तर धर्मगुरू किंवा न्यायाधीश देणार. इतिहासाच्या विद्यार्थ्याला यातील विसंगती चटकन जाणवते. १५२१ साली वर्म्सच्या सभेपुढे मार्टिन ल्यूथर ठामपणे उभा राहिला तो धर्मपीठाच्या आज्ञेहून आपली सदसद्विवेकबुद्धी श्रेष्ठ मानून. प्रोटेस्टंट परंपरेची पायाभरणी त्या नकारात आहे. त्या परंपरेतील माणसाच्या विवेकावर त्याच्या धर्मगुरूची मोहोर मागणे म्हणजे त्याची श्रद्धा समजून न घेताच तिचा निवाडा करणे होय.

ख्रिस्ती श्रद्धेने सहिष्णुतेचा धडा नेहमीच गिरवला, असे मात्र नाही. गोव्यात १५६० साली स्थापन झालेले इन्क्विझिशन, मधला अल्पकाळ वगळता, १८१२ पर्यंत चालू होते. धर्माच्या बाबतीत कोणावरही त्याच्या विवेकाविरुद्ध सक्ती होऊ नये, हे कॅथलिक चर्चने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत अधिकृतपणे जाहीर केले ते डिसेंबर १९६५ मध्ये. निष्ठेच्या हाती सत्ता आली की ती किती निष्ठुर होते, याचा हा इतिहास आहे. म्हणूनच निष्ठावंताने समाजाकडे सवलत मागताना स्वतःवरही एक बंधन घातले पाहिजे: मी तुमच्या पूजेत सामील होणार नाही, पण तिच्यात विघ्न आणणार नाही आणि माझ्या वाट्याचे काम तसूभरही कमी करणार नाही.

नकार देणारा हटवादी आहे की द्रष्टा, हे त्या क्षणी ओळखता येत नाही, हीदेखील इतिहासाचीच साक्ष. अमेरिकेत याच साक्षीदार पंथाची मुले ध्वजवंदन करीत नाहीत म्हणून शाळांतून काढली गेली. १९४० साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने शाळांची बाजू घेतली. त्यानंतर देशभर या पंथीयांवर हल्ले झाले. अवघ्या तीन वर्षांत, महायुद्ध ऐन भरात असताना, त्याच न्यायालयाने आपला निर्णय फिरवला. त्याच काळात जर्मनीत याच पंथाचे लोक हिटलरला मानवंदना नाकारल्यामुळे छळछावण्यांत खितपत पडले होते. दोन्हीकडे नकार एकच होता. एकीकडे आपण त्याला हेकेखोरपणा म्हणतो, दुसरीकडे धैर्य.

सेवेच्या सुरुवातीच्या काळातील एक प्रसंग मला आजही टोचतो. आयुधपूजेच्या दिवशी माझ्या ख्रिस्ती वाहनचालकाने पहाटेपासून जीप घासून-पुसून लख्ख केली होती. पूजेच्या वेळी मी त्याला नारळ फोडायला सांगितले. त्याने हात जोडले आणि नम्रपणे नकार दिला. सर्वांसमक्ष अवज्ञा झाली असे वाटून मी संतापलो. दुसऱ्या दिवशी खुलासा मागवण्याचे मनात होते. कार्यालयातील वृद्ध शिरस्तेदारांनी मला बाजूला घेऊन एवढेच विचारले, ‘‘साहेब, गाडी स्वच्छ आहे ना? वेळेवर निघते ना?’’ दोन्ही प्रश्नांचे उत्तर होकारार्थी होते. खुलासा मागवला गेला नाही. त्या दिवशी माझा धर्म दुखावला नव्हता. माझा हुद्दा दुखावला होता. प्रशासनात या दोहोंची गल्लत फार लवकर होते.

सहिष्णुता म्हणजे सहमती नव्हे. जे आपल्याला पटते ते सहन करावे लागतच नाही. जे खटकते, तेथेच तिची कसोटी लागते. लष्करापुरता निकाल लागला आहे. पण तेथेही बदली किंवा वेगळी नेमणूक असा मार्ग असताना निवृत्तिवेतनही हिरावणारी बडतर्फी हाच अखेरचा उपाय होता काय, याचा विचार संरक्षण मंत्रालयाने अवश्य करावा. त्याहून मोठी काळजी अशी, की छावणीची मोजपट्टी उद्या शाळा, कचेरी आणि महाविद्यालय यांना लावली जाईल. तेथे १९८६ चा निकाल आजही कायदा आहे. राज्यसंस्थेने नागरिकाकडून आदर मागावा, अडथळा आणणाऱ्यास शिक्षा करावी. सहभाग मात्र ज्याच्या-त्याच्या विवेकावर सोडावा. त्या तीन मुलांनी देशाकडे याहून अधिक काही मागितले नव्हते.