पाण्यातला पोशाख : नियम कापडाचा हवा, शिवणीचा नको

मे महिन्याची सुट्टी लागली की अलिबाग, नागाव, काशीद, मुरूड या पट्ट्यात मुंबई-पुण्याची गर्दी सुरू होते. २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाड्या घेऊन येणारी रो-रो बोट आणि २०२४ च्या जानेवारीत खुला झालेला अटल सेतू यांमुळे ही गर्दी आता केवळ मे महिन्यापुरती राहिलेली नाही. आमचे कापडाचे दुकान याच किनाऱ्यावर आहे. साडी, ड्रेस मटेरियल, अस्तर, बुरख्याचे कापड हा आमचा नेहमीचा माल. पण अलीकडे एक प्रश्न वारंवार कानावर येतो. "चाचा, नायलॉनचा पूर्ण बाह्यांचा ड्रेस आहे का? वॉटर पार्कला जायचे आहे." आम्ही 'नाही' म्हणतो आणि गिऱ्हाईक पायरी उतरून जाते. रोखीचे गिऱ्हाईक 'नाही' या शब्दावर परत जाणे किती झोंबते, ते गल्ल्यावर बसणाऱ्यालाच ठाऊक.

या प्रश्नामागे एक नियम आहे. त्या नियमाविषयी आपल्या व्यापारी आणि कारागीर बांधवांशी चार शब्द बोलावेत, म्हणून हा लेख.

'कॉस्च्युम' हा शब्द आपल्याकडे दोन अर्थांनी चालतो. एक नाटक-सिनेमातला वेष, दुसरा पोहण्याचा पोशाख. करमणुकीच्या उद्यानांत दोन्हींवर नियम असतात. अमेरिकेतील डिस्नेच्या उद्यानांत १४ वर्षे आणि त्यावरील माणसाला एरवी एखाद्या पात्राचा पूर्ण वेष घालून आत जाता येत नाही. मुलांना जाता येते. कारण साधे आहे. राजकन्येचा किंवा चाच्याचा वेष घातलेल्या मोठ्या माणसाला लहान मुले उद्यानाचा नोकर समजतात, विश्वासाने त्याचा हात धरतात. तो माणूस कोण, हे उद्यानालाही ठाऊक नसते. टोकियोच्या डिस्ने उद्यानात मात्र हॅलोविनच्या ठराविक दिवसांत मोठ्यांनाही अशा वेषाची परवानगी दिली जाते. म्हणजे नियमाला कारण आहे, आणि कारण सांभाळून त्याला मुरडही घालता येते. नियम चांगला की वाईट हे ठरवण्याआधी त्याचे कारण विचारावे, हा धडा यातून घेण्यासारखा आहे.

आता आपल्याकडचे पाहू. गोराईचे एस्सेल वर्ल्ड १९८९ साली सुरू झाले आणि त्याच्या शेजारी १९९८ साली वॉटर किंगडम. एस्सेल वर्ल्ड २०२२ साली बंद झाले, पण तोवर आपल्या दोन पिढ्यांनी शाळेच्या सहलीत ते पाहून घेतले होते. आपल्या रायगड जिल्ह्यात खालापूर तालुक्यात खोपोलीजवळ २०१३ साली इमॅजिका आले आणि पुढच्याच वर्षी त्याचे वॉटर पार्क. शिवाय अलिबाग-नागावच्या वाड्यांमधून उभी राहिलेली कॉटेजेस आणि त्यांचे छोटे तलाव वेगळेच. महाराष्ट्रातील बहुतेक वॉटर पार्कांत आणि अशा अनेक तलावांवर एकच पाटी असते : नायलॉनचा किंवा लायक्राचा पोशाख सक्तीचा, सुती कपडे चालणार नाहीत. समुद्र असा नियम करत नाही. काशीदच्या लाटेत लोक साडीने जातात, लुंगीने जातात. तलावाला मात्र हा नियम आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही घरची बारा माणसे घेऊन जिल्ह्याबाहेरच्या एका वॉटर पार्कला गेलो होतो. नाव सांगण्याचा हेतू नाही. बाराही तिकिटे काढली. पाण्यापाशी पोहोचल्यावर पहारेकऱ्याने आमच्या घरच्यांना आणि सूनबाईंना थांबवले. दोघींच्या अंगावर सुती पंजाबी ड्रेस आणि ओढणी. भाड्याच्या पोशाखाच्या खिडकीवर गेलो, तर तिथे गुडघ्याच्या वरचे फ्रॉक तेवढे शिल्लक. दोघी बाकावर पिशव्या सांभाळत संध्याकाळपर्यंत बसल्या. शेजारच्या बाकावर पुण्याच्या एक आजी बसल्या होत्या. त्यांना सहावारी साडीमुळे अडवले होते. आमची नात ओली होऊन परत परत यायची आणि विचारायची, "दादी, तू का येत नाहीस?" दोघींच्या तिकिटाचे पैसे पाण्यात गेले, त्या मात्र पाण्यात गेल्या नाहीत.

त्या दिवशी आम्हाला राग आला होता. परतीच्या वाटेवर मनात आले की हा नियम आपल्याच लोकांना बाहेर ठेवण्यासाठी केलेला असावा. पण पुण्याच्या आजी डोळ्यांपुढून हटेनात. त्या तर आपल्यातल्या नव्हत्या. जीन्स आणि सुती हाफ पँट घातलेल्या तरुणांनाही तोच पहारेकरी परत पाठवत होता. शिवाय आम्ही पडलो कापडवाले. कापसाचा गुण आम्हीच विसरायचा?

कापूस पाणी पितो. हवेतला ओलावा धरण्याचे प्रमाण धंद्याच्या पुस्तकांत सुतासाठी साडेआठ टक्के, नायलॉनसाठी सुमारे चार टक्के आणि पॉलिएस्टरसाठी अर्धा टक्क्याहूनही कमी धरतात. हा झाला नुसत्या हवेचा हिशोब. पाण्यात बुडालेला सुती ड्रेस अंगावर ओझे होतो, पायांत अडकतो, पोहता न येणाऱ्याला खाली ओढतो. सुताचे तंतू सुटून तलावाच्या फिल्टरमध्ये अडकतात. कच्चा रंग पाण्यात उतरतो. धातूची बटणे आणि चेन घसरगुंडीला चरे पाडतात. सैल ओढणी घसरगुंडीच्या सांध्यात अडकली तर गळ्याला फास बसायची भीती. तेव्हा सुती कपडा, ओढणी आणि साडी यांना पाण्यात मज्जाव करणारा नियम योग्य आहे, असे आम्ही कापडाचे व्यापारी म्हणून स्पष्ट सांगतो.

पण इथेच एक फरक लक्षात घेतला पाहिजे. वर सांगितलेली सगळी कारणे कापडाची आणि सैलपणाची आहेत. बाही किती लांब, पाय घोट्यापर्यंत झाकला की नाही, डोके झाकले की नाही, याच्याशी त्यांचा काडीचा संबंध नाही. नायलॉन-लायक्राचा अंगासरशी, पूर्ण बाह्यांचा, घोट्यापर्यंतचा आणि डोक्याला टोपी जोडलेला पोशाख फिल्टर अडवत नाही आणि घसरगुंडीत अडकतही नाही. असा पोशाख कोणी अडवला, तर त्याने कापडाचा नियम सोडून शिवणीचा नियम लावला असे होते. त्याचे कारण मागण्याचा हक्क गिऱ्हाइकाला आहे. आमचे म्हणणे एवढेच की नियम कापडाचा हवा, शिवणीचा नको.

अशा पोशाखाचा इतिहासही जाणून घेण्यासारखा आहे. लेबनॉनमध्ये जन्मलेल्या आणि ऑस्ट्रेलियात वाढलेल्या अहेदा झनेटी या बाईंनी २००४ साली सिडनीत पूर्ण अंग झाकणारा पोहण्याचा पोशाख तयार केला आणि त्याला 'बुर्किनी' हे नाव दिले. उन्हाने कातडी भाजू नये म्हणून मुस्लिम नसलेल्या बायकाही तो विकत घेतात. पाककृतींच्या कार्यक्रमांसाठी प्रसिद्ध असलेल्या इंग्लंडच्या नायजेला लॉसन यांनी २०११ साली सिडनीच्या बोंडाय किनाऱ्यावर तो घातला होता. २०१६ च्या उन्हाळ्यात फ्रान्समधील काही किनारी गावांच्या महापौरांनी या पोशाखावर बंदी घातली. तेथील सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने २६ ऑगस्ट २०१६ रोजी त्यांपैकी एका गावाची बंदी स्थगित केली. पुढे ग्रेनोबल शहराने आपल्या तलावांच्या नियमांत बदल करून अशा पोशाखाला वाट करून दिली, तेव्हा त्याच न्यायालयाने जून २०२२ मध्ये ती सवलत रोखली. एका गटाच्या धार्मिक मागणीसाठी सर्वांच्या नियमाला अपवाद केला, असे त्याचे कारण दिले गेले.

हा निकाल आम्हाला पटला असे नाही. पण त्यात व्यापाऱ्याने घेण्यासारखा एक इशारा आहे. 'आमच्यासाठी सवलत द्या' अशी मागणी केली की उद्या ती काढून घेणाराही कोणी निघतो. 'सर्वांसाठी एकच नियम, तो कापडाचा आणि सुरक्षिततेचा' ही मागणी टिकते. कारण ती पुण्याच्या आजींचीही मागणी आहे आणि अंगावर भाजल्याचे डाग झाकू पाहणाऱ्या मुलीचीही. आपल्या राज्यघटनेच्या १५ व्या अनुच्छेदात दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले आणि सार्वजनिक करमणुकीची ठिकाणे यांत धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान एवढ्याच कारणावरून कोणाला मज्जाव करता येणार नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. कापडाचा नियम या कलमाच्या आड येत नाही. कापडाचे नाव पुढे करून माणूस अडवला, तर मात्र येतो.

उद्यानांच्या मालकांकडे आमची दुसरी विनंती आहे. पोशाखाचा नियम तिकिटाच्या खिडकीवर, पैसे घेण्याआधी, मराठीत आणि चित्रांसह लावावा. पूर्ण बाह्यांचा पोशाख चालतो की नाही, हे त्यात स्पष्ट लिहावे. पैसे घेतल्यावर आत गेल्यावर नियम सांगणे हा सचोटीचा व्यापार नव्हे. आपण तागा फाडून दिल्यावर त्याचा पन्हा कमी असल्याचे सांगू का? २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सेवेविषयी माहिती मिळण्याचा हक्क ग्राहकाला दिला आहे, आणि दाद मागण्यासाठी जिल्हा ग्राहक आयोग आहे. तसेच भाड्याच्या खिडकीवर सर्व मापांचे पूर्ण पोशाख ठेवावेत. ते आपल्याकडून घ्यावेत, म्हणजे दोघांचाही धंदा होईल.

आता आपल्या घरचे. नियमाविरुद्ध तक्रार करणारे आपण, पण तो पाळता येईल असा माल आपल्या दुकानात आहे का? भिवंडी आणि मालेगावात मागांचा खडखडाट आहे, सुरत सिंथेटिकची मोठी पेठ आहे, बुरखा शिवणारे कुशल कारागीर आपल्याच मोहल्ल्यात आहेत. तरी गिऱ्हाईक हा पोशाख मुंबईहून किंवा मोबाईलवरून मागवते. याचा दोष आम्ही दुसऱ्या कोणाला देणार?

ज्यांना हे काम सुरू करायचे असेल त्यांच्यासाठी काही व्यावहारिक गोष्टी सांगतो. हे कापड विणकामाचे नसून निटिंगचे असते आणि बहुधा किलोवर विकले जाते. सुमारे ८० टक्के नायलॉन व २० टक्के स्पँडेक्स हे प्रचलित मिश्रण आहे. लायक्रा हे स्पँडेक्सचेच एका कंपनीचे नाव आहे. क्लोरीनने स्पँडेक्स हळूहळू मरते, म्हणून रोज वापरायच्या भाड्याच्या मालासाठी पॉलिएस्टरचे मिश्रण अधिक टिकते. साध्या मशीनची सरळ शिवण ताणल्यावर तटकन तुटते. त्यासाठी ओव्हरलॉक आणि फ्लॅटलॉक मशीन, गोल टोकाची सुई आणि पॉलिएस्टरचा दोरा लागतो. वरचा अंगरखा पायजम्याला आतून जोडलेला असावा, म्हणजे पाण्यात वर तरंगणार नाही आणि घसरगुंडीत अडकणार नाही. धातूची चेन आणि टिकल्या नकोत. क्लोरीनच्या पाण्यात रंग पक्का राहतो की नाही याची आयएसओ १०५-ई०३ नावाची चाचणी आहे. मोठी ऑर्डर घेण्याआधी ती करून घ्यावी. लेबलावर 'बुर्किनी' हा शब्द छापू नये. तो झनेटी यांच्या कंपनीचा ट्रेडमार्क आहे, उगाच नोटीस यायची. कराचेही लक्षात ठेवावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून नगास अडीच हजार रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यावर जीएसटी ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के आहे. त्याच दिवसापासून कृत्रिम धाग्यावरील कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. असा पोशाख अडीच हजारांच्या आत सहज बसतो.

एक कडू गोष्टही सांगितली पाहिजे. सुती मिश्रणाचा माल 'शुद्ध नायलॉन' म्हणून खपवणारे आपल्यातही आहेत. एक धागा काढून काडी लावून पाहा. सूत कागदासारखे जळून राख होते, नायलॉन वितळून त्याचा कडक मणी बनतो. परीक्षा सोपी आहे. खोट्या लेबलाचा ड्रेस घेऊन गेलेली बाई दारावर अडवली गेली, तर तिचा दिवस आपण बुडवला असे होईल, आणि मग उद्यानाकडे बोट दाखवायला आपल्याला तोंड उरणार नाही.

आमच्या दुकानात येत्या हंगामासाठी अशा पोशाखांचा पहिला लॉट शिवायला टाकला आहे. माल थोडाच आहे, चालला तर वाढवू. पहिले दोन नग आम्ही बाजूला काढून ठेवले आहेत. ते विकायचे नाहीत. नातीला तसे सांगून झाले आहे.