नोंदवहीची किल्ली कोणाच्या हाती?

निवासी शाळेचे खरे धन तिच्या दप्तरात असते. प्रवेशाची नोंदवही, शाळा सोडल्याचे दाखले, शिष्यवृत्तीची कागदपत्रे यांचे मोल आपल्या समाजाने अनुभवाने जाणले आहे. १९५६ च्या धर्मांतरानंतर बौद्धांचा अनुसूचित जातींच्या केंद्रीय आदेशात समावेश होण्यास १९९० उजाडावे लागले. आजही जात पडताळणीच्या वेळी वडिलांच्या व आजोबांच्या शाळेतील नोंद पुरावा म्हणून मांडावी लागते. मंठा वा अंबड तालुक्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबातील मुलीचा प्रवेश अशा एका ओळीवर अडू शकतो.

हे दप्तर आता संगणकावर येत आहे. म्हणून ते कोणी वाचावे आणि कोणी बदलावे, हा केवळ तांत्रिक प्रश्न नाही. शाळांच्या कार्यालयांत विंडोज सर्व्हरवरील सामाईक फोल्डर सर्वांनाच खुला ठेवण्याचा मोह होतो. विंडोजमध्ये परवानग्या बारकाईने लावता येतात, हे मान्य. परंतु तेथे सर्व्हरचा परवाना वेगळा आणि वापरणाऱ्यांचे परवाने वेगळे घ्यावे लागतात. खर्चापायी मग मुदत संपलेली आवृत्तीच चालू राहते. विंडोज सर्व्हर २०१२ चा नियमित आधार १० ऑक्टोबर २०२३ रोजी संपला आहे.

आमचे मत असे की, संस्थांनी युनिक्सच्या परंपरेतील लिनक्स आणि त्यावरील सांबा यांचा स्वीकार करावा. अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९२ मध्ये सुरू केलेली ही प्रणाली विनामूल्य आहे. शिक्षकांचे विंडोज संगणक तिच्याशी तसेच जोडता येतात. तिची मूळ शिस्त सोपी आहे: मालक, गट आणि इतर. वाचण्यास ४, लिहिण्यास २, फोल्डरात शिरण्यास १. ‘दाखले’ या फोल्डरास ७५० आणि आतील फायलींना ६४० ही परवानगी दिली, की लिपिक नोंद करील, शिक्षकांचा गट ती वाचू शकेल, इतरांना दार बंद राहील.

मात्र प्रणाली बदलल्याने दक्षता संपत नाही. सांबातही त्रुटी सापडतात. ती वेळोवेळी अद्ययावत करावी लागते. मुख्य पासवर्ड ज्याच्या हाती, त्याला सर्व दारे उघडी असतात. म्हणून तो कोणाकडे राहील, हे संस्थेने लेखी ठरवावे. रोजची प्रत दुसऱ्या इमारतीत ठेवावी. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे पाठ मराठीतही उपलब्ध आहेत; लिपिकांनी आणि वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी ते अवश्य शिकावेत.

संगणक क्षेत्रात स्थिरावलेल्या माजी विद्यार्थ्यांनी देणगीसोबत वर्षातील चार दिवस या कामासाठी द्यावेत. पुढच्या पिढीचा पुरावा सुरक्षित राखणे, हेही शाळेचे ऋण फेडणेच आहे.