कळते, पण वळत नाही

विहिरीच्या पाण्याविषयी बोलताना शेतकऱ्यास स्वार्थी म्हणण्याचा प्रघात पडला आहे. हा आरोप आम्हांस अपुरा वाटतो. खरा स्वार्थी मनुष्य निदान स्वतःचे हित तरी राखतो. परंतु मार्गशीर्षात विहीर उतरू लागलेली पाहूनही जो उसाची लागण वाढवितो आणि चैत्रात तोच वाळलेला ऊस जनावरांपुढे टाकतो, त्याने शेजाऱ्याबरोबर आपलेही हित बुडविले. हे त्यास आधी कळत नव्हते असे नाही. उणीव ज्ञानाची नव्हे, निश्चयाची होय. आणि ह्या दोषातून आम्ही स्वतःसही वगळीत नाही.

दख्खनच्या काळ्या कातळात पाणी राहते ते वरच्या मुरमात व खालच्या भेगांत. शेताचा बांध त्यास अडवीत नाही. एकाने खोल विंधन विहीर घेतली की शेजाऱ्याचा झरा तुटतो; मग तोही अधिक खोल जातो. दोघांचे कर्ज वाढते, पाणी मात्र वाढत नाही. १९९३ साली कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरांच्या आत नवी विहीर घेण्यास मनाई केली. पण कायद्याचा डोळा प्रत्येक शिवारात कोठून पोहोचणार?

"मी थांबलो म्हणून शेजारी थोडाच थांबणार आहे?" असे जो तो विचारतो. ही केवळ सबब नव्हे. तीत तथ्य आहे. म्हणूनच एकट्याच्या सद्बुद्धीवर भिस्त ठेवण्यापेक्षा सर्वांनी मिळून आधीच बांधून घेणे बरे.

ह्याची दोन उदाहरणे आपल्याजवळच आहेत. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे ह्यांनी पाणी पंचायतीचा प्रयोग आरंभिला. तेथे पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता माणशी अर्ध्या एकरापुरते ठरविले, भूमिहीनांसही हक्क दिला, आणि ऊस वर्ज्य केला. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार ह्या गावाने शेतीसाठी विंधन विहिरी घेण्यास बंदी केली; तेथे पावसाचे मान पाहून पाण्याचा ताळेबंद मांडतात व त्यावरून पिके ठरवितात.

मोठ्या खातेदारास अशा वाटणीत तोटा दिसेल, आणि पहिल्या वर्षी तो होईलही. हे आम्ही लपवीत नाही. परंतु ज्या नियमात गरिबास वाटा नाही, तो नियम पाळला जावा अशी आस्था त्यास का वाटावी? आणि ज्यास सगळे गाव जपत नाही, तो नियम टिकावा कसा?

स्वतःशी केलेला संकल्प मोडावयास कोणाची परवानगी लागत नाही. चार माणसांत दिलेला शब्द मोडताना मात्र सकाळी बांधावर भेटणाऱ्या शेजाऱ्याचे तोंड आठवते. परहिताची चाड ही स्वहिताच्या आड येणारी धोंड नव्हे. डळमळणाऱ्या मनास लाविलेला तो टेकू आहे.

तरी आमची वाचकांस विनंती आहे की, विहिरी भरलेल्या असून मन स्वस्थ आहे, तोवरच कोजागिरीच्या सुमारास गावसभा भरवावी, विहिरींची पातळी सर्वांदेखत मोजावी आणि रब्बीची पिके ठरवावीत. पाणी तळाशी गेल्यावर शहाणपण सर्वांनाच येते. त्या वेळी त्याचा उपयोग नसतो.