बॅटरी गेली म्हणे!

गाडी चालू होईना की आपल्या चिंचवडात निदान ठरलेलं असतं: "बॅटरी गेली." शेजारचे काका सांगतात, चहावाला सांगतो, ढकलायला आलेला पोरगा सांगतो, आणि गॅरेजवाला तर सीट उघडायच्या आधीच सांगतो. आता बॅटऱ्या जातात हे मलाही मान्य आहे. तीन-चार वर्षांत त्यांचं आयुष्य संपत येतंच. पण माझा आरोप असा आहे की आपण बदलतो त्यातल्या पुष्कळ बॅटऱ्या जिवंतपणीच स्मशानात जातात. खरा गुन्हेगार असतो टर्मिनलचा सैल स्क्रू.

लक्षणं फसवी असतात, हे कबूल. सेल्फ दाबला की सीटखालून नुसतं टक-टक-टक. दिवा लागतो, हॉर्न वाजतो, इंजिन मात्र ढिम्म. बॅटरी उतरली तरी हेच होतं, जोड सैल असला तरी हेच. दुसऱ्या बाबतीत काय होतं ते शाळेतल्या ओहमच्या नियमानं कळतं. समजा, सैल आणि हिरव्या पांढऱ्या पुडीनं माखलेल्या जोडाचा रोध ०.०५ ओहम आहे. ३५ वॅटचा दिवा साधारण ३ अँपिअर घेतो, म्हणजे तिथे वाया जातो जेमतेम ०.१५ व्होल्ट. डोळ्याला कळतही नाही. पण सेल्फच्या मोटरनं ८० अँपिअर ओढायला घेतले की त्याच जोडावर ४ व्होल्ट खलास! बॅटरी बिचारी १२ देतेय, मोटरला पोचतात ८. मग ती फिरणार कशी?

आता खरी गंमत बघा. गॅरेजवाला नवी बॅटरी बसवतो. बसवताना काय करतो? जुने स्क्रू सोडतो, वायरीची टोकं पुसतो, पुन्हा घट्ट आवळतो. गाडी एका बटणात सुरू! गिऱ्हाईक खूष, निदान खरं ठरलं. जुनी बॅटरी बदल्यात दुकानात जमा, म्हणजे पुरावाही गेला. (ती दुकानातच द्यावी, शिसं कचऱ्यात जाऊ नये, याबद्दल वाद नाही.) जो उपाय आधी फुकटात करून बघायचा, तो दीड हजारांच्या वस्तूबरोबर नकळत होऊन जातो आणि श्रेय मिळतं वस्तूला.

माझ्या भाच्याच्या गाडीची अकरा महिन्यांत दोनदा बॅटरी बदलली. पोरगा चाकणला कंत्राटी कामावर. बॅटरीचे पैसे म्हणजे त्याचा दोन-तीन दिवसांचा पगार. तिसऱ्यांदा तीच तक्रार आली, तेव्हा तो सहज बोलून गेला, "मामा, खड्ड्यात आदळली की मीटरवरचं घड्याळ परत पहिल्यापासून सुरू होतं." अरे, मग निदान तर तिथेच झालं की! उतरलेली बॅटरी खड्डा बघून घड्याळ विसरत नाही. धावत्या गाडीत धक्क्यासरशी वीज तुटते म्हणजे जोड हलतोय. टर्मिनलचा, फ्यूजचा नाहीतर चासीला जाणाऱ्या अर्थिंगचा. सीट काढली. बॅटरी धरून ठेवणारा रबरी पट्टा गायब. त्यामुळे बॅटरी डब्यात नाचत होती. एकाच निगेटिव्ह स्क्रूवर मूळ वायर, मोबाईल चार्जरची वायर आणि एलईडीची वायर अशी तिघांची दाटी. दहा नंबरचा पाना, पाऊण फेरा. पट्टा तेवढा विकत आणावा लागला.

आणि हे कुठे? आकुर्डीत बजाजच्या स्कूटर बनल्या, चाकणला पल्सर बनते, आणि खुद्द चिंचवडात १९६९ सालापासून एक्साइडचा बॅटरीचा कारखाना. इथल्या लाईनवर नट ठरलेल्या टॉर्कला आवळून त्यावर रंगाची रेघ मारायचं काम माणसं आठ-आठ तास करतात. तीच माणसं गेटबाहेर येतात आणि स्वतःच्या गाडीचं सीट वर्षानुवर्षं उघडत नाहीत.

पण सगळा राग गॅरेजवाल्यावर काढणं मला पटत नाही. समजा त्यानं प्रामाणिकपणे दहा मिनिटं तपासलं, स्क्रू आवळला आणि शंभर रुपये मागितले. आपण काय म्हणू? "स्क्रू आवळायचे शंभर?" वर चार लोकांत त्याला लुटारू म्हणून बदनाम करू. आणि दीड हजारांची बॅटरी गळ्यात मारली तर वॉरंटी कार्ड नीट घडी करून कपाटात ठेवू. खोक्यातून आलेली वस्तू दिसली की आपला हात खिशात जातो. डोकं चालवल्याचे पैसे म्हटलं की आपल्याला फसवल्यासारखं वाटतं. मग त्यानं डोकं चालवावं कशाला? त्याच्या हाताखालचा पोरगाही तेच शिकतो: शोधायचं नाही, बदलायचं.

"एवढं काय, किक मारायची!" हे सांगणारे अजून भेटतात. त्यांच्या काळात ते खरं होतं. कित्येक कार्ब्युरेटरच्या गाड्या मेलेल्या बॅटरीवरही किकनं सुरू व्हायच्या. एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, मोटरसायकलींत फ्युएल इंजेक्शन आलं. आता पेट्रोलचा पंप, इंजेक्टर, ईसीयू सगळे बॅटरीच्या विजेवर, आणि कित्येक गाड्यांना किकच नाही. सैल स्क्रूनं पूर्वी हॉर्न घोगरा व्हायचा, आता नाशिक रस्त्यावर कंटेनरच्या पुढ्यात इंजिन बंद पडू शकतं. तिसऱ्या पाळीला निघालेल्या पोराचं असं झालं तर निव्वळ खाड्यावर निभावेलच असं नाही.

असो. हे वाचून भाऊजींचा फोन येणार आणि ते उद्या सकाळीच पाना घेऊन बसणार, म्हणून इथेच लिहून ठेवतो. भाऊजी, चावी बंद. आधी निगेटिव्ह सोडायची, मग पॉझिटिव्ह, नाहीतर पाना चासीला टेकला की ठिणगी उडेल. पुडी खाण्याचा सोडा आणि जुन्या टूथब्रशनं साफ करायची, पूर्ण कोरडं करायचं. जोडताना पॉझिटिव्ह आधी, निगेटिव्ह शेवटी, वरून थोडं व्हॅसलिन. आणि शिसं मऊ असतं, तेव्हा जोर बेतानं लावा!