गोळा झिजतो, तसा गंजतोही

बॉल मिलमधल्या पोलादी गोळ्यांचा हिशेब आपण टनामागे किती ग्रॅम पोलाद गेले, या एका आकड्यावर मिटवतो. त्यातले घासून किती गेले आणि गंजून किती, हे सहसा कुणी विचारत नाही. मग निविदेतही कठीणपणा आणि भाव यांच्यापुढे फारसे काही येत नाही. दळणतज्ज्ञ फ्रेड बाँड यांच्या जुन्या सूत्रांत खनिजाचा अपघर्षण निर्देशांक ०.२ धरला, तर ओल्या दळणात किलोवॅट-तासामागे गोळ्यांची झीज कोरड्याच्या जवळजवळ नऊपट निघते. हा सगळा फरक गंजाचा नव्हे. कोरड्या मिलमध्ये गोळ्यांवर बसणारा भुकटीचा थरही त्यांना वाचवतो. पण नुसत्या कठीणपणाच्या आकड्याने ही तफावत उलगडत नाही, हे नक्की.

मध्य प्रदेशातल्या मलाजखंडसारख्या तांब्याच्या खनिजात क्वार्ट्झ, चाल्कोपायराइट आणि पायराइट एकत्र असतात. क्वार्ट्झ गोळ्याला ओरखडतो. सल्फाइड कण मात्र पोलादाला टेकले की विजेची जोडी तयार होते: ऑक्सिजन सल्फाइडच्या पृष्ठभागावर खर्ची पडतो आणि लोखंड विरघळते. चुन्याने पीएच दहाच्या वर नेला की पोलाद सुरक्षित राहते, असा युक्तिवाद होतो. स्थिर पाण्यात तो बरोबर आहे. मिलमध्ये मात्र संरक्षक पापुद्रा प्रत्येक आपटीसरशी खरवडला जातो आणि खालचे ताजे पोलाद पुन्हा उघडे पडते. मिलमधून काढलेला चकचकीत ओला गोळा हवेत थोडा वेळ ठेवला, तरी त्यावर तांबूस झाक चढते.

नुकसान गोळ्यापाशी थांबत नाही. विरघळलेले लोखंड हायड्रॉक्साइड होऊन खनिजकणांवर बसते, लगद्यातला ऑक्सिजन घटतो आणि फ्लोटेशनमध्ये झँथेटची पकड सैल होते. कमी गंजणारे उच्च-क्रोमचे गोळे महाग पडतात, ही तक्रार खरी आहे. पण ती फक्त भांडार विभागाच्या वहीपुरती खरी. वसुलीत पडणारा फरक त्याच हिशेबात धरायला हवा. अर्थात क्रोम हा सरसकट उपाय नाही. सॅग मिलमधल्या मोठ्या गोळ्यांच्या जबर आघाताखाली तो तडकू शकतो. शिवाय लगद्यातले विरघळलेले लोखंड कमी झाले की पायराइटही जास्त तरंगू शकतो, म्हणजे चुन्याची मात्रा नव्याने बसवावी लागते. म्हणून निवड कॅटलॉगवरून करू नये. दोन-तीन मिश्रधातूंचे खुणा केलेले, वजन केलेले गोळे आपल्याच मिलमध्ये, आपल्याच फेरवापराच्या पाण्यात सोडावेत. टेलिंग्ज धरणातून परतणाऱ्या पाण्यातले क्लोराइड आणि सल्फेट उन्हाळ्यात वाढतात, पावसाळ्यात उतरतात; तेव्हा ही चाचणी दोन्ही ऋतूंत घ्यावी आणि वजनातल्या घटीशेजारी त्या-त्या दिवसांची वसुलीही नोंदवावी.