परतावा म्हणजे बक्षीस नव्हे

आयकराची विवरणपत्रे भरण्याचा हंगाम सुरू झाला की करसल्लागारांच्या कचेऱ्यांतून एक प्रश्न हमखास ऐकू येतो : ‘परतावा किती मिळेल?’ आपले उत्पन्न किती, त्यावर कर किती, तो बरोबर कापला गेला आहे काय, हे प्रश्न मागाहून येतात. पुष्कळदा येतच नाहीत. पगाराचा आणि करकपातीचा दाखला टेबलावर ठेवून गृहस्थ लगेच पुस्ती जोडतात, ‘आमच्या खात्यातील एकाला चाळीस हजार आले. आमचेही तेवढे बघा.’ सल्लागाराची खरी कसोटी येथून सुरू होते. जो खरे सांगतो त्याच्या हुशारीविषयी शंका घेतली जाते आणि जो होकार भरतो त्याच्या दारात पुढच्या वर्षी आणखी चार जण उभे राहतात. ही स्थिती करदात्यासाठी किती घातक आहे, याचा विचार होणे अगत्याचे आहे.

या अपेक्षांच्या मुळाशी काही साधे गैरसमज आहेत. पहिला गैरसमज वजावटीविषयीचा. कलम ८०-सी खालील दीड लाख रुपयांची वजावट म्हणजे करात दीड लाखाची बचत, असे मानणारी सुशिक्षित माणसेही थोडी नाहीत. वजावट उत्पन्नातून होते, करातून नव्हे. ज्याचा कराचा वरचा दर २० टक्के आहे त्याचा दीड लाखावर उपकरासह ३१ हजार २०० रुपये कर वाचतो. ५ टक्के दर असलेल्याचे अवघे ७ हजार ८०० रुपये वाचतात. शिवाय ही वजावट जुन्या करपद्धतीतच मिळते. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून नवी पद्धत हीच मूळ पद्धत ठरली आणि जुनी हवी असल्यास ती मागून घ्यावी लागते, हे अनेकांच्या ध्यानी नसते. मार्च महिन्यात विमा प्रतिनिधीच्या आग्रहाखातर घाईघाईने पॉलिसी घ्यावी आणि नव्या पद्धतीत तिचा कराच्या दृष्टीने काडीचाही उपयोग नाही हे जुलैमध्ये कळावे, असे प्रसंग घरोघरी घडतात. त्या वेळी राग निघतो तो मात्र सल्लागारावर.

दुसरा गैरसमज ‘बारा लाखांपर्यंत कर नाही’ या घोषणेतून उपजला आहे. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पाने आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी नव्या पद्धतीत करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असणाऱ्यांना करातून सवलत दिली. ती घोषणा खोटी नव्हती. तिचा अर्थ मात्र भलताच लावला गेला. करपात्र उत्पन्न १५ लाख असलेला मनुष्य समजतो की, आपल्याला वरच्या तीन लाखांवरच, म्हणजे १५ टक्क्यांनी ४५ हजार रुपये, कर पडेल. प्रत्यक्षात मर्यादा ओलांडली की ती सवलत उरत नाही आणि चार लाखांपासूनच्या टप्प्यांनी हिशेब होतो : दुसऱ्या चार लाखांवर २० हजार, तिसऱ्या चार लाखांवर ४० हजार, उरलेल्या तीन लाखांवर ४५ हजार. एकूण १ लाख ५ हजार आणि उपकर धरून १ लाख ९ हजार २०० रुपये. मर्यादेच्या किंचित वर गेलेल्यांना थोडा दिलासा आहे. पण तो तेवढ्यापुरताच. शेअरांच्या विक्रीवरील ज्या नफ्याला खास दराने कर लागतो, त्या करालाही ही सवलत लागू नाही. हे सारे समजावून सांगणारा सल्लागार अशिलाला आडमुठा वाटतो.

तिसरा गैरसमज सर्वांत खोल आहे आणि तो परताव्याच्या स्वरूपाविषयी आहे. परतावा हे सरकारने दिलेले बक्षीस नाही अथवा सल्लागाराने खेचून आणलेली कमाईही नाही. आपणच जास्त भरलेले पैसे आपल्याला परत मिळतात, इतकाच त्याचा अर्थ. समजा, एका निवृत्त शिक्षिकेचे वर्षाचे एकूण उत्पन्न पाच लाख आहे. त्यांतील ठेवींच्या दोन लाख व्याजावर बँकेने १० टक्क्यांनी २० हजार रुपये कर कापला आणि अन्य कर कोठेही कापला गेला नाही. नव्या पद्धतीत त्यांना कर लागत नसल्याने ते २० हजार त्यांना परत मिळतील. विलंब झाल्यास नियमाप्रमाणे दरमहा अर्धा टक्का व्याजही मिळेल. परंतु कोणी कितीही निष्णात सल्लागार गाठला, तरी मूळ २० हजारांचे ४० हजार होणार नाहीत. ज्याचा कर बिनचूक कापला गेला त्याला परतावा शून्य येतो आणि हिशेब चोख असल्याची तीच खूण आहे. उलट मोठा परतावा म्हणजे आपले पैसे वर्षभर दुसऱ्याच्या तिजोरीत पडून होते. त्यात मिरविण्यासारखे काय आहे?

हे न उमगल्यामुळेच एका वेगळ्या धंद्याला बरकत आली आहे. परताव्यातील टक्केवारी ठरवून विवरणपत्रे भरून देणारे मध्यस्थ कारखान्यांच्या फाटकांपर्यंत पोहोचले आहेत. कधीही न भरलेले घरभाडे, न घेतलेले शैक्षणिक कर्ज, न काढलेला आरोग्यविमा, न दिलेल्या राजकीय देणग्या विवरणपत्रात दाखवावयाच्या आणि आलेल्या रकमेतून आपला वाटा उचलावयाचा, अशी ही रीत. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने १४ जुलै २०२५ रोजी देशभरातील १५० ठिकाणी अशा प्रकरणांची तपासणी केली. त्या आधीच्या चार महिन्यांत सुमारे ४० हजार करदात्यांनी आपली विवरणपत्रे दुरुस्त करून १ हजार ४५ कोटी रुपयांचे खोटे दावे मागे घेतल्याचेही मंडळाने त्या वेळी सांगितले. काही मध्यस्थ तर विवरणपत्रे भरण्यापुरते ई-मेल पत्ते काढून ते सोडून देत, त्यामुळे खात्याच्या नोटिसा करदात्यांपर्यंत पोहोचतच नसत.

अशा व्यवहारात बुडतो कोण? दोन लाखांची खोटी वजावट दाखवून २० टक्के दराच्या कामगाराला उपकरासह ४१ हजार ६०० रुपये मिळाले, असे धरू. चौकशी झाली की ती रक्कम व्याजासह परत करावी लागते आणि चुकीची माहिती दिल्याबद्दल कराच्या दुप्पट, म्हणजे ८३ हजार २०० रुपयांपर्यंत, दंड होऊ शकतो. मध्यस्थाने आपला हिस्सा केव्हाच खिशात घातलेला असतो. विवरणपत्र करदात्याच्या नावाचे असते आणि आधारशी जोडलेल्या मोबाइलवर आलेला ओटीपी देऊन त्याची सत्यता त्यानेच मान्य केलेली असते. ‘मला ठाऊक नव्हते’ हा बचाव तेथे सहसा टिकत नाही.

दोष केवळ करदात्याचा आहे, असे आमचे म्हणणे नाही. दोन समांतर करपद्धती, वर्षागणिक बदलणारे टप्पे आणि वकिलालाही दोनदा वाचावी लागणारी कलमे सरकारनेच लोकांपुढे ठेवली आहेत. घोषणा ठळक अक्षरांत होतात, अटी मात्र तळटीपेत जातात. त्याहून मोठी उणीव अशी की, मोबदला घेऊन दुसऱ्याचे विवरणपत्र भरण्यास आपल्याकडे परवाना लागत नाही. सनदी लेखापालांना निकालावर अवलंबून असलेला मोबदला घेण्यास १९४९ च्या कायद्याने सामान्यतः मनाई आहे. कोपऱ्यावरच्या मध्यस्थाला असे कोणतेही व्यावसायिक बंधन नाही. अमेरिकेत पैसे घेऊन विवरणपत्र तयार करणाऱ्यास सरकारी क्रमांक घ्यावा लागतो आणि विवरणपत्रावर सही करावी लागते. तेथेही लबाडी संपलेली नाही; पण लबाडी करणाऱ्याचे नाव निदान कागदावर राहते. तशी नोंदणी आणि टक्केवारीच्या मोबदल्यावर सरसकट बंदी, एवढे तरी सरकारने करावे.

तोवर करदात्याला स्वतःच दक्ष राहिले पाहिजे. विवरणपत्र पाठविण्यापूर्वी त्याचा हिशेब लेखी मागावा आणि प्रत्येक वजावटीपुढे आपल्याजवळ पावती आहे काय, हे पाहावे. आईच्या घरात राहून तिला खरोखर भाडे दिले असेल तर जुन्या पद्धतीत तो दावा रास्त ठरू शकतो. केवळ कागदावर दिले असेल तर तो मुकाट्याने सोडून द्यावा. चूक होऊन गेली असल्यास नोटिशीची वाट न पाहता जादा कर भरून अद्ययावत विवरणपत्र दाखल करण्याची सोय २०२२ पासून आहे. २०२५ मध्ये तिची मुदत चार वर्षांपर्यंत वाढविण्यात आली आहे.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सल्लागाराला ज्या मापाने आपण मोजतो, ते माप बदलावे. रोग्याला आवडेल ते सांगणाऱ्या वैद्याला आपण चांगला म्हणत नाही. ‘तुम्हांला परतावा मिळणार नाही’ असे तोंडावर सांगणारा सल्लागार एखाद्या वर्षी आपला हिरमोड करील. पण चार वर्षांनी दारात नोटीस येण्याचा प्रसंग तोच टाळील. त्याची फी ही त्या निर्धास्त झोपेची किंमत आहे आणि ती महाग नाही.