मूळ प्रत द्या, मग रंग फासा

दिवाळी अंकात संगणकावरच्या खेळांविषयी लिहितो आहे म्हणून काही ज्येष्ठ वाचक कपाळाला आठ्या घालतील. घालोत बापडे! पन्नाशीच्या माणसाने जुन्या नाट्यगीताने गहिवरावे ती रसिकता आणि जुन्या खेळाची आठवण काढावी तो पोरकटपणा, असा आपल्याकडचा न्याय आहे. या न्यायाशी एकदा कुणीतरी भांडायलाच हवे होते.

१९९४ च्या सुमारास टिळकवाडीतल्या एका संगणकवर्गात मी 'प्रिन्स ऑफ पर्शिया' पहिल्यांदा पाहिला. सर चहाला गेले की आम्ही सुरू. शेजारच्या खुर्चीवर माझा कन्नड मित्र. त्याचे मराठी आणि माझे कन्नड सारखेच मोडके. खड्डा आला की तो 'जिगी' म्हणून ओरडे, मी 'मार उडी' म्हणे; राजपुत्राला दोन्ही भाषा कळत. राजकन्येला साठ मिनिटांत सोडवायचे असे आणि आमचा तासही साठ मिनिटांचाच. कितीदा तरी तास संपला, राजकन्या तशीच राहिली. बेळगावच्या पावसाने पुढे माझ्या फ्लॉप्यांना बुरशी लागली आणि तो विषय संपला, असे मला वाटले होते.

गेल्या वर्षी पुतण्याला दाखवावा म्हणून त्याच काळातला दुसरा एक खेळ 'नव्या रूपात' विकत घेतला. विक्रेत्याचे नाव घेत नाही. माणसांचे चेहरे मेणाच्या बाहुल्यांसारखे गुळगुळीत, अंधाऱ्या खोल्यांतून लग्नाच्या मांडवासारखा उजेड. पुतण्या थोडा वेळ खेळला आणि म्हणाला, "काका, तुम्ही सांगत होता तो हा नव्हेच." मग जुना शोधायला गेलो, तर तो विक्रीतून काढलेला! नवा आणला म्हणून जुना उचलून नेला.

माझे भांडण आहे ते इथे. जुने खेळ पुन्हा प्रसिद्ध होतात याचा मला आनंदच आहे. पण नवी आवृत्ती काढणे वेगळे आणि पहिली आवृत्ती नाहीशी करणे वेगळे. १९६२ साली शुद्धलेखनाचे नवे नियम आले आणि न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. पुढे जुनी पुस्तके नव्या लेखनात छापली गेली. कुणाचे काही बिघडले नाही. कारण वाचनालयाच्या कपाटात टिंबांनी भरलेली जुनी प्रत तशीच होती. नवी आवृत्ती काढली म्हणून प्रकाशक रात्री तुमच्या घरात शिरून जुने पुस्तक घेऊन गेला, असे कधी ऐकले आहे काय?

खेळांच्या व्यापारात मात्र असे घडते. २०२० साली 'वॉरक्राफ्ट ३' ची नवी आवृत्ती आली, तेव्हा ज्यांनी जुना खेळ पैसे मोजून घेतला होता त्यांनाही इतरांशी जोडून खेळण्यासाठी नवाच उतरवून घ्यावा लागला. २०२१ साली 'ग्रँड थेफ्ट ऑटो' च्या तीन खेळांना रंग फासून आणले आणि जुने विक्रीतून काढले. नव्यात इतक्या चुका निघाल्या की रॉकस्टार कंपनीला जाहीर माफी मागून संगणकावरचे जुने खेळ परत विकायला ठेवावे लागले. म्हणजे खेळणाऱ्यांनी आरडाओरड केली म्हणून मूळ वाचले. जिथे ओरडणारे थोडे असतील तिथे काय होईल? थोड्यांचा आवाज किती पोचतो, हे आपल्या भागातल्या वाचकांना मी वेगळे सांगायला नको.

यावर ठरलेले उत्तर येते : "साहेब, जुने आता नव्या यंत्रावर चालतच नाही." ही लबाडी आहे. जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारा 'डॉसबॉक्स' हा कार्यक्रम २००२ पासून फुकट मिळतो. 'गुड ओल्ड गेम्स' ही २००८ साली निघालेली पोलंडमधली पेढी त्याच्याच जोरावर कितीतरी जुने खेळ जसेच्या तसे विकत आली आहे. १९९० च्या 'मंकी आयलंड' ची नवी आवृत्ती २००९ साली निघाली, तिच्यात तर एक कळ दाबली की जुने चित्र समोर येते, पुन्हा दाबली की नवे. इच्छा असली की मार्ग दिसतो, तो असा.

दुसरे उत्तर अधिक उद्धट असते : "माल कंपनीचा, ती वाटेल ते करील." मग 'विकत घ्या' असे कशाला लिहिता? भाड्याने देतो म्हणा! कॅलिफोर्नियात २०२५ पासून अमलात आलेल्या कायद्याने विक्रेत्यांना हे कबूल करायला लावले आहे, की ग्राहकाला मिळतो तो केवळ वापरण्याचा परवाना. आणि ग्रंथालयांनी सांभाळायचे म्हटले, तर अभ्यासकांना जुने खेळ दुरून पाहू देण्याची सवलत २०२४ साली अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने नाकारली. अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के बाजारात मिळत नाहीत, असे तिथल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ साली मांडले. स्वतः विकायचे नाही आणि दुसऱ्याला जपूही द्यायचे नाही, याला मालकी म्हणायचे की आडमुठेपणा?

"पण त्या चार चौकोनी ठिपक्यांत जपण्यासारखे आहे तरी काय?" हा प्रश्न विचारणाऱ्यांसाठी पुन्हा त्या राजपुत्राकडे जातो. जॉर्डन मेकनर या तरुणाने १९८९ साली तो खेळ ॲपल २ या तुटपुंज्या यंत्रावर पुरा केला. धाकट्या भावाला धावायला, उड्या मारायला लावून त्याचे चित्रण केले आणि त्यावरून एकेक चित्र उतरवले. म्हणून तो राजपुत्र खरोखर धडपडतो, कठड्याला लोंबकळतो. यंत्रात दुसरा शत्रू मावेना, तेव्हा त्याने राजपुत्राचीच चित्रे उलटपालट करून त्याची सावली शत्रू म्हणून उभी केली. खेळातली सर्वांत विलक्षण कल्पना अशी गरिबीतून जन्मली. त्या ठिपक्यांवर पॉलिश केली, तर ही गरिबी आणि ही हिकमत दिसणार कशी? त्या खेळाचा मूळ मजकूरही हरवलाच होता. २०१२ साली मेकनरच्या वडिलांना कपाटात डिस्कांचा डबा सापडला, म्हणून तो हाती आला आणि मेकनरने तो सर्वांसाठी खुला केला. प्रत्येक घरात असे कपाट नसते.

तेव्हा वाचकहो, मागणी साधी आहे. नवे रूप अवश्य विका, दामही घ्या. पण त्याच पाकिटात मूळ प्रत घाला. आणि आपण घेणाऱ्यांनी पैसे देण्याआधी एवढेच विचारावे, "जुना यात आहे का?" नसेल तर पाकीट खाली ठेवावे.

त्या सावलीवर तलवार चालवली की जखम राजपुत्रालाच होते. आम्हाला ते कळायला दोन महिने लागले. शेवटी माझा मित्रच म्हणाला, तलवार म्यान कर. केली; सावली येऊन राजपुत्रात मिसळली आणि वाट मोकळी झाली. शाळकरी पोरांना जे कळले, ते या व्यापाऱ्यांना कळू नये?